वाचकांचे प्रश्न : क्रॉसबो आणि हरणाचे कान

प्रश्न : ओहायोत राहतो. यंदा परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला पहिल्यांदाच जाणार आहे. क्रॉसबोचा (बंदुकीसारखा धरून चाप ओढायच्या धनुष्याचा) वेग सेकंदाला 400 फूट. सरावात 60 यार्डांवरून सगळे बोल्ट (क्रॉसबोचे आखूड बाण) मुठीएवढ्या जागेत बसतात. मग हरणावर तेवढ्या अंतरावरून का मारू नये?

उत्तर : सरावाच्या निशाण्याला कान नसतात, म्हणून. बोल्ट सेकंदाला 122 मीटर जातो, आवाज 340. साठ यार्ड, म्हणजे 55 मीटर कापायला बोल्टला 0.45 सेकंद लागतात. दोरीचा फटका मात्र 0.16 सेकंदात हरणाच्या कानावर पडतो. उरले जवळपास 0.3 सेकंद. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडून खाली बसतं. पाव सेकंदात हातातून सुटलेली वस्तू 30 सेंटिमीटर खाली येते, आणि हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम 20 सेंटिमीटरचा. हरणाला दचकायला थोडा वेळ लागतो हे धरलं, तरी बोल्ट पाठीच्या मांसात घुसायला एवढं पुरे. वीस यार्डांवर हीच उसंत 0.1 सेकंदाची असते. त्यामुळे पहिल्या हंगामात 30 यार्डांपलीकडे जाऊ नका. चाळीसपर्यंत जायचं तर हरीण मान खाली घालून निवांत चरत असेल तरच. कान टवकारून तुमच्याकडे बघणारं हरीण 25 यार्डांवर असलं तरी सोडून द्या. अधिक वेगाचा क्रॉसबो घेऊन हे गणित फारसं बदलत नाही, दुकानदार काहीही सांगो.

नेम कुठे? हरीण पूर्ण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि पोटाच्या रेषेपासून छातीच्या एक तृतीयांश उंचीवर थांबा. तोंड पलीकडे करून तिरपं उभं असेल तर ते उत्तमच. मात्र तेव्हा नेम फऱ्यामागे चिकटवू नका, थोडा मागे घ्या. बोल्ट पलीकडच्या पुढच्या पायाच्या दिशेने बाहेर पडायला हवा. समोरून, मागून किंवा तुमच्याकडे तिरपं असलेलं हरीण टाळा: समोर खांद्याचं हाड आडवं येतं, मागून आतडी. डोक्यावर तर कधीच नको.

झाडावरच्या मचाणातून हरीण अगदी पायाखाली आलं तर मोह आवरा. उभ्या कोनात बोल्ट एकाच फुप्फुसातून जातो आणि हरीण खूप लांब निघून जातं. थोडं पुढे सरकू द्या. हरणामागे उतार किंवा माती दिसायला हवी. टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभ्या हरणावर बोल्ट सोडू नका. आणि अंगठा रेलच्या, म्हणजे बोल्ट ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या, खाली! दोरी सुटताना वर आलेला अंगठा जायबंदी होतो.

प्रश्न : बोल्ट लागला, हरीण पळालं. लगेच मागे जावं का?

उत्तर : नाही. आधी बोल्ट शोधा. त्यावर फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबा. गडद, काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत, तीन-चार तास. हिरवट चिकटा आणि दुर्गंधी असेल तर आतडी फुटली आहेत. आठ ते बारा तास तिकडे फिरकू नका. घाईने मागे लागलात तर आडोशाला बसलेलं हरीण उठतं, रक्ताचा माग तुटतो आणि ते हाती लागत नाही.

(भारतातल्या वाचकांसाठी : 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे.)