एमएस्सीच्या प्रबंधासाठी बेळगावजवळचा कुठला ओढा घ्यावा?

तुम्ही विचारलंय, पाण्याच्या गुणवत्तेवरच्या प्रबंधासाठी मलप्रभेचं अख्खं खोरं घेऊ का. नका घेऊ. कणकुंबीच्या उगमापासून तिच्यामागे धावता धावता दोन वर्षं सरतील. त्यापेक्षा मार्कंडेय नदी बरी. राकसकोप जलाशयाच्या वर एक ठिकाण धरा, खाली शहराच्या बाजूला एक. बळ्ळारी नाला मोहात पाडतो, पण तिथं सांडपाणीच इतकं की पाणलोटाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.

प्रवाह मोजायला महागडं यंत्र नको. १० मीटर अंतर आखा, संत्रं सोडा (ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्यानं भरकटत नाही), वेळ लावा. येणाऱ्या वेगाला ०.८५ नं आणि पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणा.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मात्र काठावरच फिक्स करायचा, म्हणजे रसायनं घालून बाटलीतच बांधून ठेवायचा. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातल्यावर साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांचा करतात, परदेशी पेपरांत २० अंशांवर ५ दिवसांचा असतो, हे आकडे शेजारी मांडताना लक्षात असू द्या. आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस चुकवू नका, भिजायला लागलं तरी.