मेक इन्स्टॉल करण्याआधी

प्रिय मित्रा,

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्टेबल शाखेतली एका प्रोग्रामची आवृत्ती तुला जुनी पडते, म्हणून सोर्स (मूळ कोड) उतरवून स्वतः कंपाइल करायचं, म्हणजे त्यातून प्रोग्राम बांधायचं ठरवलं आहेस. जरूर कर. एखादा प्रोग्राम कशाकशावर उभा आहे, हे कॉन्फिगर (बांधणीआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी स्क्रिप्ट) चालवताना जसं समजतं तसं एरवी समजत नाही. पण सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, मेक इन्स्टॉल (बांधलेल्या फायली सिस्टिमवर बसवणारी आज्ञा) करण्याआधी माझं ऐक.

डेबियनच्या एप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवलेल्या फायलींची नोंद त्याखालच्या डीपीकेजीकडे असते. फाइल दाखवलीस की ती कुठल्या पॅकेजची, ते कळतं. मेक इन्स्टॉल अशी नोंद ठेवत नाही, फायली जागच्या जागी नेऊन टाकतं. पुढे काढायचं म्हटलं, तर मेक अनइन्स्टॉलची सोय असेलच असं नाही. असली तरी तेच कॉन्फिगर केलेलं फोल्डर लागतं, आणि डिस्क भरली की आपण नेमकं तेच आधी उडवतो.

हे निस्तरता येतं. मला खरी काळजी आहे ती सुरक्षेची. ७ एप्रिल २०१४ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधली, सर्व्हरची मेमरी बाहेरून वाचू देणारी हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली आणि डेबियनसारख्या डिस्ट्रोंनी लगोलग दुरुस्त पॅकेजं दिली. मी अपडेट केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या आणि निर्धास्त झालो. पण माझ्या मशीनवरचा वेब सर्व्हर मीच सोर्सवरून बांधलेला होता, आणि त्यात जुनं ओपनएसएसएल स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीतच, जोडलेलं होतं. अपडेटने सिस्टिमची लायब्ररी बदलली, माझ्या बायनरीला (बांधलेल्या प्रोग्रामला) मात्र हातही लागला नव्हता. तीन दिवसांनी सहज एलडीडी (प्रोग्राम सिस्टिमच्या कुठल्या लायब्रऱ्या वापरतो ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं, तर यादीत ओपनएसएसएलच्या लिबएसएसएलचं नावच नाही! पोटात गोळा आला. सर्व्हर पुन्हा बांधला, खासगी की आणि सर्टिफिकेट बदललं. हार्टब्लीडचा हल्ला लॉगमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे मधल्या काळात कोणी की वाचली का, हे मला आजही माहीत नाही.

सोर्सवरून बांधलंस की त्या प्रोग्रामचा मेंटेनर तूच. एरवी हे काम दुसरं कोणीतरी आपल्यासाठी निमूटपणे करत असतं.

म्हणून आधी बॅकपोर्ट्समध्ये (स्टेबलसाठी तयार केलेल्या नव्या आवृत्त्यांच्या भांडारात) बघ, बरेचदा तिथेच काम होतं. नाहीतर एप्टच्या बिल्ड-डेप आज्ञेने बांधणीला लागणारी डेव्ह (हेडर फायलींची) पॅकेजं एकदम आणून घे, म्हणजे कॉन्फिगर एकेका हेडरसाठी अडून बसणार नाही. प्रीफिक्स (प्रोग्राम जिथे बसणार ती जागा) कधीही नुसता /युएसआर देऊ नकोस, ती जागा डीपीकेजीची. /ऑप्टखाली आवृत्तीच्या नावाचं वेगळं फोल्डर कर. काढायचं झालं की तेवढंच पुसायचं. /युएसआर/लोकलही चालतं, फक्त पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) ते सहसा आधी येतं हे लक्षात ठेव. नाहीतर एप्टने नवी आवृत्ती आणली तरी तुझी जुनीच चालत राहील, आणि तू भलतीकडेच चूक शोधत बसशील.

आणि कॉन्फिगरला दिलेली पूर्ण ओळ त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेव. सहा महिन्यांनी घाईत पुन्हा बांधायची वेळ आली, तर ती आठवणार नाही.

तुझा,
दादा