तारखेच्या दिवशी तिथे बस

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. कापसाच्या भावासाठीचे रास्ता रोको, घोषणा, पुढाऱ्यांची भाषणे, सगळे नीट मांडलेस. पण खटला कुठे आहे? आंदोलन एका दुपारी आटोपते, केस मात्र वर्षानुवर्षे मागे लागते. माझ्या प्रबंधात मी हेच सोडून दिले होते. अजून खुपते.

म्हणून आधी तालुक्याच्या कोर्टात जाऊन बस. मी बसलो तेव्हा शेजारी एक म्हातारा कास्तकार होता. समन्स बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणलेला. घरी पऱ्हाटी फुटलेली, वेचायला माणूस नाही. दुपारी पुकारा झाला, साहेब रजेवर, पुढची तारीख. बोटांवर महिने मोजत तो उठला. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवार नोंदीत, त्या दिवसाचे फार तर एवढेच पडले असेल: आरोपी हजर.

ते रोजनामे मिळव. जमावबंदी मोडल्याचा गुन्हा असेल (दंड संहितेचे जुने कलम 188, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे 223), तर आदेश काढणाऱ्या, त्याच्या वरिष्ठ किंवा, नव्या कायद्यात, त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार आहे का ते बघ. तिच्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. मग खटल्याच्या कागदांतून आरोपीचा जबाब काढ. सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला थेट विचारतात, शपथ न देता. आपली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगायची मुख्य जागा तीच. तिथे नुसते ‘खोटे आहे’ दिसले, तर त्याच्या घरी जा आणि मनात काय बोलायचे होते ते विचार.

आपल्या विदर्भाला समुद्र नाही, मिठाचा कायदा मोडायला. म्हणून 1930 मध्ये इथले पुढारी बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. त्याआधी 1922 मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी आरोप कबूल करून कठोरात कठोर शिक्षा मागितली होती. सहा वर्षांची झाली. आजचा कास्तकार ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणतो, म्हणून त्याला त्यांच्यापेक्षा कमी धरू नकोस. कितीतरी जणांना रस्त्यावर बसणे हा गुन्हा वाटतच नाही. सरकार परके होते तेव्हाची कबुली आणि आपल्याच सरकारपुढचा हा नकार, दोन्ही शेजारी ठेवून बघ. माझ्या मते तुझा प्रबंध तिथे आहे.

नावे बदल, गावेही बदल. केस चालू असेल तोवर कोणी काय केले ते वहीत लिहू नकोस. वही कोर्टात मागवता येते.

आणि जाताना डबा दोघांपुरता ने. तारखेवर आलेला माणूस पहाटेच्या एसटीने निघालेला असतो.

तुझे सर