आधी बायकोला सांगा

‘ताई, नमस्कार. माझं वय ४२. नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहे. हातात ४६ हजार पडतात. २०२२ साली वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील नव्हते, म्हणून पर्सनल लोन काढलं, पुढे त्यावर टॉप-अप, म्हणजे त्याच लोनवर आणखी रक्कम, घेतला. त्याचे ३ लाख ४० हजार बाकी आहेत, हप्ता ११,८००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ८५ हजार आहेत, त्यांचा मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, ९,३००च्या आसपास भरतो. मागच्या वर्षी दोन ॲपवरून पैसे उचलले, त्यातले ४८ हजार राहिलेत, महिन्याला ८,००० जातात. कंपनीच्या क्रेडिट सोसायटीत ११ टक्क्यांनी कर्ज मिळतं, पण दोन जामीनदार लागतात आणि कंपनीतल्या सगळ्या शॉपमध्ये बभ्रा होतो, म्हणून तिकडे गेलो नाही. ॲपवाल्यांचे फोन येतात, घरी फोन करू म्हणतात.

आता मी सुधारलोय. सहा महिन्यांपासून घरात कडक काटकसर चालू आहे. धुण्या-भांड्याची बाई बंद केली, दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलं, केबल बंद, मुलीचा डान्स क्लास बंद. बायकोची तक्रार नाही. दिवाळीत गाडी घ्यायची म्हणून आपण पैसे साठवतोय, असं तिला वाटतंय. बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी तीच बघते, त्यामुळे बचतीची सवय आहेच. मुलीने तर गाडीचा रंगही ठरवलाय. तरी महिनाअखेरीला किराणा कार्डावरच भरावा लागतो. वडिलांच्या आजारपणामुळे ही वेळ आली, माझी काही चैन नव्हती. अजून कुठे खर्च कमी करता येईल, ते सांगा.
– एक वाचक, नाशिक’

खर्च अजून कुठे कमी करायचा, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात आता कमी करण्यासारखं फारसं उरलेलंही नाही. मी अडले ती गाडीवर. कर्जाचे आकडे तुम्ही सविस्तर लिहिलेत आणि गाडी एका ओळीत उरकलीत.

दिवाळीत गाडी येणार, असं तुमच्या बायकोला आपोआप वाटलेलं नाही. तुम्ही तिला तसं सांगितलंत. सहा महिने ती रोज रात्री भांडी घासते आहे, धुणं पिळते आहे, अर्ध्या लिटरात चहा, दही आणि मुलीचं दूध बसवते आहे, ते त्या गाडीसाठी. मुलीने क्लास सोडला तोही गाडीसाठी. त्या धुण्या-भांड्याच्या बाईचं एक घर सुटलं, तिच्या महिन्याच्या कमाईतून तेवढे पैसे गेले, तेही एका नसलेल्या गाडीपायी. तुम्ही म्हणता बायकोची तक्रार नाही. ती कशाबद्दल तक्रार करणार? तिला विचारलंय काय आणि सांगितलंय काय! तुम्ही याला काटकसर म्हणता. मला ती फसवणूक वाटते, आणि ती रोज चालू आहे म्हणून मला तुमचा राग आला. दिवाळी आली की हे उघडं पडणारच आहे. तेव्हा तिला कर्जाइतकंच किंवा त्याहून जास्त लागेल ते हे, की मी भांडी घासत होते तेव्हा हा समोर बसून बघत होता.

वडिलांना यात पुढे करू नका. अँजिओप्लास्टी २०२२ सालची आणि ॲपचं कर्ज मागच्या वर्षीचं. टॉप-अप कशासाठी घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही, कार्डं कशावर भरली तेही नाही. चैन केली नाहीत हे मी मानते. तुमच्यासारख्या घरात पैसा चैनीवर सहसा जात नाही. तो भाचीच्या लग्नाच्या आहेरावर जातो, फोनच्या हप्त्यावर जातो, शाळेच्या फीवर जातो, आणि कुठेही ‘या वेळी जमणार नाही’ असं तोंडातून न निघाल्यामुळे जातो. पण हे सगळं वडिलांच्या नावावर लिहिलंत आणि उद्या ते त्यांच्या कानावर गेलं, तर आपण वाचलो तेच घराला महागात पडलं असं त्यांना वाटेल. आजारातून उठलेल्या माणसाच्या मनावर हे ओझं कशाला?

तुमच्या पत्रात एक बेरीज नाही, ती मी केली. एकूण देणं ५ लाख ७३ हजार. महिन्याला हप्त्यांत जातात २९,१००. म्हणजे घरासाठी उरतात १६,९००, आणि त्यात किराणा, वीज, गॅस, शाळा, औषधं. किराणा कार्डावर का जातो, ते इथेच कळतं.

आता कार्डांकडे बघा. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे ४२ टक्के झाले. तुमचे १ लाख ८५ हजार धरले तर महिन्याचं व्याज होतं ६,४७५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६४०. तुम्ही ९,३०० भरता तेव्हा मुद्दलातून जेमतेम १,६६० कमी होतात, आणि महिनाअखेरीला किराणा भरून तुम्ही ते परत चढवता. शिवाय मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या तेला-डाळीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

आणि घरात काय वाचलं? भांड्याच्या बाईचे दीड हजार धरा, दुधाचे नऊशे, क्लासचे आठशे, केबलचे साडेतीनशे. झाले ३,५५०. घरातल्या दोघींनी सहा महिने जे सोसलं, त्यातून नुसत्या कार्डांचं जीएसटीसकट निम्मं व्याजही निघत नाही. म्हणून म्हणते, आणखी अर्धा लिटर दूध कमी करून तुम्ही यातून बाहेर पडणार नाही.

मग बाहेर पडायची वाट कुठली? ती तुम्हीच लिहिलीत आणि तिथल्या तिथे बंदही केलीत. सोसायटीचं कर्ज. ११ टक्क्यांनी. ॲप आणि कार्डं मिळून २ लाख ३३ हजार होतात. तेवढं कर्ज चार वर्षांच्या मुदतीने घेतलं, तर हप्ता सहा हजारांच्या आसपास बसतो. आज त्याच देण्यापायी तुम्ही १७,३०० भरताय. चार वर्षांत मिळून व्याज जाईल ५६-५७ हजार. जीएसटीसकट तेवढं व्याज तुमची कार्डं आठ महिन्यांत खातात. ही वाट तुम्ही नाकारलीत, कारण जामीनदार लागतात आणि चारचौघांत कळतं. ॲपवर कुणाला कळत नाही, कार्डावर कुणाला कळत नाही, म्हणून तुम्ही तिकडे गेलात. दर महिन्याला जे जादा अकरा हजार जाताहेत, ते कुणाला कळू नये म्हणून जाताहेत. बायकोला गाडी सांगितलीत तीही त्याच भीतीपोटी.

ॲपवाल्यांना तुमची ही भीती बरोबर ठाऊक आहे. ‘घरी फोन करू’ ही धमकी घरी माहीत नाही तोवरच चालते. ज्या दिवशी तुमच्या बायकोला सगळं कळेल, त्या दिवशी त्यांच्या हातात काही राहणार नाही. हप्ता थकलाच, तरी वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमच्या फोनमधली नावं-नंबरांची यादी उघडायची मुभा कर्ज देणाऱ्या ॲपला नाही. ॲपमागची कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, ते आधी बघून घ्या. नोंदलेली असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. नोंदलेली नसेल आणि धमक्या येत असतील, तर सायबर पोलिसांचा १९३० हा नंबर आहे.

तर माझं सांगणं एकच. येत्या रविवारी बायकोला सांगा. पुढच्या पगारानंतर नको, बोनस झाल्यावर नको, थोडं फिटू दे मग बघू असंही नको.

बसण्याआधी एक काम करा. तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. तो वाचून एका कागदावर सगळं लिहा. देणं कुणाचं, बाकी किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. मुलगी बाहेर गेलेली असताना बसा, टीव्ही बंद ठेवा, आणि पहिल्याच वाक्यात पूर्ण आकडा सांगा: ‘आपल्यावर ५ लाख ७३ हजारांचं कर्ज आहे आणि गाडीचं मी तुला खोटं सांगितलं.’ वडिलांपासून सुरुवात करू नका. अर्धं सांगून बघू नका. पर्सनल लोन आज सांगायचं आणि ॲप पुढच्या महिन्यात, असं केलंत तर दुसऱ्या वेळी ती तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते तिचं बरोबरच असेल.

ती रागावेल. रडेल, दोन-चार दिवस बोलणार नाही, कदाचित माहेरी फोन करेल. करू द्या. ‘शांत हो’ म्हणू नका. ‘तुझ्यासाठीच केलं’ हे तर अजिबात म्हणू नका.

आणि तिला हे झेपणार नाही अशी तुमची समजूत असेल, तर ती काढून टाका. भिशी चालवणं म्हणजे काय असतं ते तुम्ही घरात राहून पाहिलेलं नाही असं दिसतं. कुणाचा हप्ता राहिलाय, कुणाला मुलीच्या बाळंतपणासाठी आधी उचल हवीय, कोण दोन महिने जिन्यात तोंड चुकवतंय, कुणाला चारचौघींत बोलायचं नाही आणि कुणाला स्पष्ट सांगायचं, हे सगळं ती सांभाळते. पैशाच्या अडचणीतली माणसं तिने तुमच्यापेक्षा जास्त आणि जवळून पाहिली आहेत. तुमच्या घरात हिशोब कळणारं आणि लोकांचे पैसे नेकीने राखणारं माणूस आहे, आणि तुम्ही सल्ला मागायला माझ्याकडे आलात. हे वाचून मला तुमच्याबद्दल वाईट वाटलं. सगळं एकट्याने सोसायची गरज नव्हती हो.

कर्ज मिळाल्यावर आधी ॲप बंद करा, मग कार्डं. ‘सेटलमेंट करून देतो, कमी भरा’ असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नका, ‘सेटल्ड’ हा शेरा क्रेडिट रिपोर्टवर राहतो आणि पुढे अडवतो. पूर्ण भरा आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, उशीर केला तर रोजचे ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो. कार्ड नुसतं कपाटात ठेवलंत, तर तीन महिन्यांत तुम्ही ते बाहेर काढाल. पर्सनल लोन सध्या आहे तसं चालू द्या. दिवाळीचा बोनस त्यात भरायचा विचार असेल तर मुदतीआधी भरण्याचा आकार किती लागतो ते बँकेत विचारून घ्या.

काटकसर करावीच लागेल, काही वर्षं. पण महिन्याला जे अकरा हजार सुटतील, त्यातून आधी किराणा रोखीने भरा, आणि उरलेल्याचं काय करायचं ते तिच्याबरोबर बसून ठरवा. भांड्याची बाई परत बोलवायची का, हे तिने ठरवायचं, कारण भांडी ती घासते. क्लासचं मुलीला विचारा. तिच्या दागिन्यांचा विषय तुम्ही काढायचा नाही. ते तिचे आहेत, तिला वाटलं तर ती काढेल. आणि तुमच्या स्वतःच्या खर्चातलं काय बंद झालं, ते पत्रात कुठेच नाही. दूध घरातलं, केबल घरातली, क्लास मुलीचा. कंपनीबाहेरचा चहा-नाश्ता, पान, मोबाइलचा प्लॅन, मित्रांबरोबरचं जेवण यांतलं काहीतरी तुमच्या नावापुढेही लिहिलेलं असू दे.

मुलीला दोघांनी मिळून सांगा. गाडी येणार नाही, बाबांवर कर्ज आहे, ते फेडायचं चाललंय, एवढं पुरे. पोरांना घरातला ताण कळलेलाच असतो, फक्त कारण माहीत नसतं.

राहिला शॉपमधला बभ्रा. दोन दिवस चर्चा होईल, होऊ द्या. सोसायटीच्या कर्जदारांत तुमच्याच लाइनवरची नावं निघतील, घर बांधणारी, पोरांची ॲडमिशन घेणारी, आणि जुनी देणी फेडणारीही. ज्यांना जामीन राहा म्हणाल, त्यांनाही खरा आकडा सांगा, कारण तुम्ही थकवलंत तर भरायचं त्यांना आहे. सोमवारी शिफ्ट सुटल्यावर थेट सोसायटीच्या ऑफिसात जा, पगाराची स्लिप, आधार आणि पॅन बरोबर असू द्या. फॉर्मवर कर्जाचं कारण विचारलेलं असतं, तिथे ‘घरदुरुस्ती’ लिहू नका, ‘जुनी देणी फेडण्यासाठी’ असं लिहा.