फर्ग्युसन गेले तेव्हा त्यांच्यासोबत कोण कोण गेलं?

प्रश्न: मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचं सगळं बघतो. टीव्हीवर मॅच बघताना बेंचवर ट्रॅकसूटवाली आठ-दहा माणसं दिसतात, पण हरलं की बोलणी एकट्या मॅनेजरला. ही माणसं नक्की करतात काय, आणि चांगला स्टाफ ओळखायचा कसा? आमच्याकडे एकच कोच आहे, सगळं तोच करतो.
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: याचं उत्तर मला इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये दिसतं. २०१२-१३ ची प्रीमियर लीग ११ पॉइंटच्या फरकानं जिंकून मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन रिटायर झाले, डेव्हिड मॉयेस आले, प्लेअर जवळपास तेच आणि टीम थेट सातव्या नंबरवर. फर्ग्युसन गेले म्हणून झालं हे आहेच, पण असिस्टंट माइक फेलन, रोजचं ट्रेनिंग घेणारे रेने म्यूलेनस्टीन आणि गोलकीपर कोच एरिक स्टील हे पण त्याच उन्हाळ्यात गेले आणि मॉयेसनी एव्हर्टन या आधीच्या क्लबमधली आपली माणसं आणली, हे लोक विसरतात. अहो, रोज मैदानावर प्लेअरला घडवणारी तर हीच माणसं होती ना!

फर्ग्युसन हे शिकले कुठं, तर त्यांच्या आधीच्या क्लबला, स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनला. तिथं ते सगळं ट्रेनिंग स्वतःच घ्यायचे, तेव्हा असिस्टंट आर्ची नॉक्सनी त्यांना तोंडावर विचारलं की सगळं तुम्हीच करणार तर मला ठेवलंय कशाला. आधी पटलं नाही, मग बाजूला उभं राहून बघायला लागले आणि कळलं की कोण थकलाय, कोणाचा उत्साह अचानक गेलाय, हे शिट्टी तोंडात धरून दिसतच नाही. माझ्या मते चांगल्या स्टाफची खूण हीच, साहेबाला असं सांगणारा माणूस तिथं आहे का आणि साहेब ऐकतो का. नुसती मर्जीतली माणसं गोळा करून स्टाफ होत नाही. १९९८ च्या डिसेंबरमध्ये युनायटेडचे असिस्टंट ब्रायन किड गेले तेव्हा फर्ग्युसननी डर्बी काउंटी क्लबमधून स्टीव्ह मॅकलॅरेनना आणलं, आणि त्याच सीझनला प्रीमियर लीग, एफए कप आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही ट्रॉफ्या जिंकल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याला बोलवायचं. लिव्हरपूलला मॅनेजर क्लॉपनी २०१८ मध्ये फक्त थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं, शिकवायला थॉमस ग्रोनेमार्क नावाचा डॅनिश कोच आणला. लोक हसले, पण एका मॅचमध्ये ४०-५० थ्रो-इन होतात आणि तिथं बॉल आपल्याकडं राहिला तर केवढा फरक पडतो बघा. पुढच्याच वर्षी त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली, अर्थात ती काही थ्रो-इनवर नाही जिंकली, पण काम किती बारकाईनं चालायचं ते यावरून समजतं.

आता तुमच्या टीमचं. पगारी माणसं नकोतच. तालमीचा एखादा जुना गोलकीपर शोधा, आठवड्यातून दोनदा गोलकीपर पोरांना बाजूला घेऊन अर्धा तास फक्त त्यांचं काम, कारण एकट्या कोचकडून सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडंच होतं. आणि एका डोकेबाज पोराला मोबाइल देऊन शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वर बसवा, बॉलच्या मागं न पळता पूर्ण मैदान दिसेल असं शूटिंग करायचं. हाफटाइमला कोचनी आधी या दोघांचं दोन मिनिटं ऐकायचं, मग टीमशी बोलायचं.