वाचकांचे प्रश्न : ढिगातली मूठभर माती काय सांगणार?

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही दोघं भाऊ एक जुनं डाईंग, म्हणजे सूत-कापड रंगवायचा कारखाना, घेतोय, इसार देऊन झालाय, बरीच वर्षं बंद पडलेलं आहे, शेड पाडून टॉवेलचे लूम टाकायचेत. मालकाला विचारून पायासाठी जेसीबी लावला तर मागच्या हौदापाशी तीनेक फुटांवर निळसर काळी चिकट माती निघाली, वास पण येतोय. एकानं सांगितलं ढिगातली मूठमूठ माती गोळा करून माती परीक्षणाला द्या. दिली. रिपोर्ट आला, पीएच ८.९, नत्र कमी. आता नत्राचं आम्ही काय करायचं? आणि शेजारचा ती माती भरावाला मागतोय, देऊ का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नत्राचं काहीच करू नका, तुम्हाला तिथं ज्वारी थोडीच पेरायचीय. तुम्ही केलं ते शेतीचं परीक्षण, त्यात सगळ्या रानाची माती मिसळून सरासरी काढतात आणि पिकाला तेच बरोबर आहे. इथं मात्र सरासरी म्हणजे फसवणूक, एका कोपऱ्यातलं विष नऊ घमेली चांगल्या मातीत कालवलं की रिपोर्ट गुळगुळीत येतो, आणि ढिगात कुठल्या खोलीची माती कुठं गेली ते देवालाच ठाऊक.

मी अशाच एका खड्ड्याची भिंत खरवडून बघितलीय. जेसीबीच्या बकेटनं सगळं एकसारखं सारवल्यागत दिसत होतं, खुरप्यानं दोन इंच काढले तर आत वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद भेग, भेगेच्या दोन्ही कडा गडद निळ्या आणि हातभर बाजूची माती एकदम साफ. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते ना, हौद गळत असला की ते पाणी भेगेतून सरळ मुरमापर्यंत उतरतं. म्हणून सॅम्पल भेगेचं वेगळं, बाजूच्या मातीचं वेगळं, आणि वरचं अर्धा फूट, मग दर दोन फुटांना एक असं मुरूम लागेपर्यंत. चार फुटांच्या खाली खड्ड्यात उतरू नका, काळ्या मातीची भिंत न सांगता बसते. तिथनं पुढं जेसीबीची बकेट वर घ्यायची आणि लोखंडाला न लागलेली मधली माती काढायची.

खड्डे कुठं घ्यायचे हे कागदावर कळणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात त्या डाईंगवर काम केलेला एखादा जुना माणूस गाठा, चहा पाजा, कास्टिकचे ड्रम कुठं ठेवायचे, मोरी कुठनं जायची, बॉयलरची राख कुठं टाकायचे, तेलाची टाकी कुठं होती, सगळं सांगेल. शिवाय जवळच्याच, कधी कारखाना नसलेल्या जागेची काळी माती पण द्याच. आपली माती बेसाल्टपासनं झालेली, तिच्यात क्रोमियम, तांबं, निकेल मुळातच थोडं जास्त असतं, तुलनेला काही नसेल तर उगीच घाबराल नाहीतर उगीच निर्धास्त राहाल.

लॅब एनएबीएलवाली, म्हणजे राष्ट्रीय मान्यता असलेली, बघा, आणि नुसतं क्रोमियम नको, हेक्झाव्हॅलंट हे त्याचं रूप वेगळं तपासून मागा, विषारी ते आहे. काही रंग पक्के करायला पूर्वी डायक्रोमेट, म्हणजे याच क्रोमियमचं मीठ, वापरायचे. तुमच्या रिपोर्टातलं कामाचं एवढंच, पीएच ८.९, कारण असल्या अल्कलीत हे क्रोमियम मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर सरकतं. रंगातनं सुटणारी अमाइन्स नावाची रसायनं आणि तेल यासाठी काचेची बरणी, काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत. धातूंना स्वच्छ प्लॅस्टिक पिशवी चालते. सॅम्पल उन्हात वाळवत बसू नका. दर वेळी खुरपं साबणानं धुवायचं, आणि पिशवीवर खड्डा नंबर, खोली, तारीख तिथल्या तिथं, घरी जाऊन लिहिलं की घोळ झालाच म्हणून समजा.

शेजाऱ्याला माती अजिबात देऊ नका. खाली ताडपत्री, वर ताडपत्री, पावसाचा थेंब नको. रिपोर्ट वाईट आला तर ती माती घातक कचरा ठरू शकते, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर अधिकृत गाडीनं पाठवावी लागते. दूषित जागांसाठी केंद्राचे वेगळे नियम पण जुलै २०२५ मध्ये आलेत, तेव्हा साफसफाईचा खर्च कुणाचा हे मालकाकडनं आत्ताच लिहून घ्या, खरेदीखत झाल्यावर तो फोन उचलणार नाही.

प्रश्न : त्याच जागेत बोअर आहे, पाणी नितळ येतं. म्हणजे खालची माती ठीक ना?

उत्तर : नाही हो. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, त्याच्या कितीतरी पट असलं तरी पाणी नितळच दिसतं. रंग बराचसा माती अडवते, मीठ अडत नाही. मोटर पंधरा मिनिटं चालवा, पाइपातलं जुनं पाणी जाऊ दे, मग बाटली भरा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि क्रोमियम दोन्ही बघून घ्या. तोवर गवंड्यांना प्यायला पाणी घरनं न्या.