बारावीनंतर फार्मसीला जायचंय. आधी मेडिकलमध्ये काम जवळून बघायला कसं मिळेल?

सरळ घराजवळच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारा, तेही दुपारी. संध्याकाळी दवाखाने भरले की काउंटरवर झुंबड असते, मालक मान वर करून बघणारसुद्धा नाही. "आठवडाभर रोज दोन तास नुसतं बघायचंय, पैसे नकोत" असं स्पष्ट सांगा. मात्र दुकान असं निवडा जिथे फार्मासिस्ट स्वतः बसतो. भिंतीवर फक्त सर्टिफिकेट टांगलेलं दुकान तुम्हाला काय शिकवणार?

गिऱ्हाइकाला औषध द्यायला मात्र पुढे होऊ नका. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरची औषधं देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम. तुम्ही शेड्यूल एच-वनचं, म्हणजे कडक नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं रजिस्टर बघा: डॉक्टर कोण, पेशंट कोण, कोणतं औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. इन्सुलिनचा फ्रिज २ ते ८ अंशांत आहे ना, एक्स्पायरी जवळ आलेल्या स्ट्रिपा कशा वेगळ्या काढतात, हेही विचारा. आणि पेशंटची नावं घरी येऊन सांगायची नाहीत, ओळखीचा असला तरी!

हॉस्पिटलच्या फार्मसीत बहुधा ओळख किंवा कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र लागेल.

महाराष्ट्रात अशा अनुभवाचे प्रवेशाला गुण मिळत नाहीत, बी.फार्म.ला (पदवी) सीईटी, डी.फार्म.ला (पदविका) बारावीचे मार्क. डी.फार्म. केलंत तर पुढे ५०० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहेच. दिवसभर काउंटरमागे उभं राहणं आपल्याला जमेल का, ते तेवढं आत्ताच कळेल.